सौम्य म्हणविलेली व्याधी

सन १९३९ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगविषयक एका मान्यवर मासिकात अॅटलांटा येथील दोघा डॉक्टरांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ह्यू हेली आणि हॉवर्ड हेली हे ते दोघे सख्खे भाऊ. दोघांचाही व्यवसाय त्वचारोगांच्या चिकित्सेचा. निबंधात वर्णिलेल्या व्याधीला त्यांनी जे नाव दिले त्याचे मराठीकरण करावयाचे तर ‘कौटुंबिक, सौम्य, चिरकारी पेम्फिगस’ असे करता येईल. या नावातील ‘सौम्य’ हे विशेषण त्या काळच्या वाचकाला चमत्कारिकच वाटले असले पाहिजे. कारण पेम्फिगस म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे मृत्यूच उभा राही.

पेम्फिगस हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ पाण्याने भरलेला फोड. या रोगात अंगावर आणि तोंडाच्या आत फोड उठतात, फुटतात, आणि सोललेली कातडी पुन्हा धरत नाही. भाजलेल्या माणसाच्या अंगातून जसा द्रव झिरपून जातो तसाच तो यातही जातो, उघड्या मांसात जंतू शिरतात, आणि रोगी खंगत जातो. १९५० च्या सुमारास कॉर्टिझोन व त्याच्या जातीची औषधे हाती येईपर्यंत या रोगाचे बहुसंख्य रुग्ण काही वर्षांतच दगावत. हेली बंधूंपुढे आलेले रुग्ण मात्र दगावत नव्हते. त्यांना मानेवर, काखेत, जांघेत फोड येत. ते फुटून त्या जागी ओलसर, लालभडक, भेगाळलेले चट्टे पडत. काही आठवड्यांनी ते बरे होत आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उमटत. असे वर्षानुवर्षे चाले. रोगी जगे, संसार करी, म्हातारा होई. आणि चौकशी करता असे निघे की हीच कुरकुर त्याच्या बापालाही होती, किंवा आत्याला होती, किंवा पाठच्या भावाला आता सुरू झाली आहे.

‘सौम्य’ हा शब्द या तुलनेतून आला. मरणाच्या मानाने सारेच सौम्य! पण ज्याच्या काखेत आणि जांघेत वर्षातले चार-पाच महिने कातडी सोललेली असते, ज्याला हात वर करता येत नाही, धड चालता येत नाही, ज्याच्या कपड्यांना वास येतो म्हणून जो चारचौघांत बसायचे टाळतो, त्याला हा शब्द कसा वाटत असेल, हा प्रश्न त्या नावात कोठेच उमटलेला नाही. पुढे वैद्यकीय ग्रंथांत हे लांबलचक नाव मागे पडून ‘हेली-हेली रोग’ असे सुटसुटीत नाव रूढ झाले, हे एका परीने बरेच झाले.

वस्तुतः या व्याधीकडे लक्ष वेधणारे हेली बंधू हे पहिलेच नव्हेत. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ आंरी गूजेरो यांनी १९३३ मध्येच अशाच कौटुंबिक पेम्फिगसचे वर्णन केले होते, आणि म्हणून काही फ्रेंच ग्रंथांत त्यांचे नाव या रोगाला जोडलेले आढळते. परंतु व्याधीचे एकूण चित्र रेखाटून तिला स्वतंत्र स्थान मिळवून देण्याचे श्रेय अॅटलांटाच्या भावांकडे गेले. जॉर्जिया राज्यातला उन्हाळा दमट आणि घामट असतो. घाम आणि घर्षण हे तर या रोगाचे जुने साथीदार. तेव्हा तेथल्या डॉक्टरांच्या नजरेला तो ठळकपणे पडावा यात नवल नाही.

नाव मिळाले तरी वाद मिटला नाही. अर्धशतकापूर्वी, १८८९ मध्ये, पॅरिसमध्ये दारिए यांनी आणि बोस्टनमध्ये व्हाइट यांनी, एकमेकांना न कळता, दुसऱ्या एका आनुवंशिक त्वचारोगाचे वर्णन केले होते. त्या रोगातही पेशी एकमेकींपासून सुटतात. दारिए यांना सूक्ष्मदर्शकाखाली जे गोल कण दिसले ते त्यांनी प्रथम परजीवी प्राण्यांचे मानले. पुढे आपले हे मत त्यांनी मागे घेतले. ते कण रोग्याच्याच बिघडलेल्या पेशी होत्या. आनुवंशिक व्याधीत आगंतुक जंतू शोधण्याची ही पहिली वेळ होती. ती शेवटची मात्र ठरली नाही. हेली बंधूंचा निबंध आल्यावर कित्येक तज्ज्ञ म्हणू लागले की यात नवे काही नाही. दारिए यांच्याच रोगाचा हा एक फोड येणारा प्रकार आहे. दोन्ही बाजूंनी निबंध निघाले, आणि हा तंटा साठ वर्षे रेंगाळला.

सूक्ष्मदर्शकाखाली हेली-हेली रोगाची कातडी कशी दिसते, याला त्वचारोगतज्ज्ञांत एक ठरलेली उपमा आहे: ढासळत चाललेली विटांची भिंत. निरोगी त्वचेत पेशी एकीवर एक, एकीला लागून एक अशा घट्ट बसलेल्या असतात. या रोगात त्यांच्यामधला चुना जणू विरघळतो. विटा जागच्या हलतात, तिरप्या होतात, पण पुरत्या कोसळत नाहीत. काही बंध शिल्लक राहिल्यामुळे त्या लटकून राहतात. पेशी अशा सुट्या होण्याला आउस्पिट्झ या ऑस्ट्रियन वैद्याने १८८१ मध्येच एक शास्त्रीय नाव दिले होते. तथापि, त्या का सुटतात याचा पत्ता नव्हता. खऱ्या पेम्फिगसपुरता तो १९६४ मध्ये लागला. ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी दाखवून दिले की पेम्फिगसच्या रुग्णाच्या रक्तात त्याच्या स्वतःच्याच त्वचेवर हल्ला करणारी प्रतिद्रव्ये असतात. हेली-हेलीच्या रुग्णांत अशी प्रतिद्रव्ये सापडली नाहीत. म्हणजे नावात ‘पेम्फिगस’ असले तरी नाते काहीच नव्हते. केवळ चेहरा सारखा होता.

उपचारांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, आणि खरे तर या कथेचा गाभा तोच आहे. आरंभी डॉक्टरांजवळ होते काय? पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुणे, पुडी टाकून जागा कोरडी ठेवणे, लेप, मलमे, आणि नंतर क्ष-किरणांचा मारा. यांतल्या काहींनी आराम पडे, काहींनी पडत नसे. अशात १९३५ मध्ये गेर्हार्ट डोमाक यांनी प्राँटोसिलचे गुण प्रसिद्ध केले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. त्यापाठोपाठ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलीन वापरात आले. नवे हत्यार हाती आले की प्रत्येक जुन्या रोगावर ते चालवून पाहण्याचा मोह वैद्यांना नेहमीच होतो. हेली-हेलीच्या रुग्णांनाही पेनिसिलीन दिले गेले. आणि आश्चर्य असे की कित्येकांचे चट्टे सुकू लागले. बापाकडून मुलाकडे येणारा रोग जंतुनाशक औषधाने हटावा याचा अर्थ काय लावावयाचा?

याच सुमारास आणखी एक औषध आले, आणि त्याच्या जन्मकथेत एका भारतीयाचे मोठे स्थान आहे. येल्लाप्रगड सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. जन्म १८९५ चा. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असता त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा झगा घातला, त्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली, आणि पूर्ण पदवीऐवजी कमी दर्जाच्या पदविकेवर त्यांना समाधान मानावे लागले. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेथे सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करताना स्नायूंतून त्यांनी एक पदार्थ वेगळा केला व १९२९ मध्ये तो जगापुढे मांडला. जीवमात्राच्या पेशीत शक्तीची देवघेव ज्या चलनात होते तो हा पदार्थ. त्याला आज ए.टी.पी. म्हणतात. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच काळात स्वतंत्रपणे तो शोधला होता. पुढे सुब्बाराव लेडर्ले या औषधनिर्मिती कंपनीत संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालील पथकात बेंजामिन डगर नावाचे वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विद्यापीठातून निवृत्त होऊन ते या कामाला लागले होते. निरनिराळ्या ठिकाणांहून मातीचे नमुने मागवून त्यांतील सूक्ष्मजीव तपासणे हे डगर यांचे काम. मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न शेतातील मातीत त्यांना सोनेरी रंगाचे द्रव्य निर्माण करणारा एक जीव सापडला. त्या द्रव्याला ऑरिओमायसीन हे नाव मिळाले, आणि जुलै १९४८ मध्ये ते जाहीर झाले. टेट्रासायक्लीन वर्गातील हे पहिले औषध. त्यानंतर महिनाभरातच, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव निवर्तले. अंगावर फोड येणाऱ्या एका विरळ घराणेशाही रोगाशी या दोन्ही शोधांचा संबंध पुढे येईल, याची त्यांना कल्पना असणे शक्यच नव्हते.

पेनिसिलीन, ऑरिओमायसीन व त्यानंतरची औषधे या रोगात उपयोगी पडतात, हा अनुभव १९५० नंतर साचत गेला. त्यामुळे जंतू हेच रोगाचे कारण, असे म्हणावे तर सारे कुटुंब पिढ्यान्पिढ्या एकाच जागी कसे पछाडले जाते? आणि जंतूंचा काही संबंध नाही म्हणावे तर औषध लागू का पडते? या कोड्याला १९५९ मध्ये लोवेन्थल यांनी हात घातला. पू निर्माण करणाऱ्या जंतूंची या रोगातील भूमिका हाच त्यांच्या निबंधाचा विषय होता. एकूण निष्कर्ष असा निघाला की दुबळेपणा त्वचेचा, पण ठिणगी जंतूची. ज्यांच्या त्वचेत हा उपजत दोष आहे त्यांच्या वरून धडधाकट दिसणाऱ्या कातडीवरही जंतूंचा संसर्ग झाला की नवे फोड उठू शकतात. तोच संसर्ग दुसऱ्या माणसाला झाला तर साधी पुळीच येईल. काही वर्षांनी, १९६७ मध्ये, कँडिडा नावाच्या बुरशीनेही हाच परिणाम होतो असे दिसून आले. नागिणीच्या कुळातील विषाणूही कधीकधी हे काम करतो. घाम, उष्णता, घट्ट कपड्याची घासण, कडक ऊन हे तर होतेच.

या टप्प्यावर भारतातल्या, आणि विशेषतः महाराष्ट्रातल्या, एका कारखान्याची आठवण होणे साहजिक आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षापासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशातून बोटीने येणारे औषध देशात होऊ लागल्याने ते सामान्य रुग्णालयापर्यंत पोहोचले. त्याच संस्थेत थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसीन हे बुरशीनाशक शोधून काढले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ असे गावाचे नाव कोरले गेले. हे औषध हेली-हेली रोगासाठी शोधलेले नव्हे. पण कँडिडासारख्या बुरशीवर चालणारी औषधे या रोगाच्या चिकित्सेला किती आवश्यक आहेत, हे वर आलेच आहे.

आपल्याकडे या रोगाची खरी अडचण ओळखण्याची आहे. पन्नास हजारांत एखाद्यालाच होणारी ही व्याधी. आणि तिची जागा काख व जांघ. भारतासारख्या उष्ण देशात या जागी लाल चट्टा दिसला की गजकर्ण म्हणावयाचे, हा रिवाज घरच्या माणसांचाही आणि कित्येक डॉक्टरांचाही. मग गजकर्णाची मलमे सुरू होतात. औषधाच्या दुकानात स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक अशी तिन्ही एकत्र कालवलेली मलमे मिळतात. त्यांनी तात्पुरता आराम पडतो आणि खरे निदान आणखी लांबते. रोग्यालाही आपल्या वडिलांना हेच होत असे, असे सांगण्याचे धाडस सहसा होत नाही. घराण्यात रोग आहे ही गोष्ट बाहेर गेली तर मुलींची लग्ने अडतील, ही धास्ती त्यामागे असते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. आईबापांपैकी एकाला असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि मिळाला तरी तो बहुधा विशी-चाळिशीच्या दरम्यान उगवतो. म्हणजे बहुधा तोवर लग्न होऊन गेलेले असते, आणि गुपित दुसऱ्या घरात गेलेले असते.

टेट्रासायक्लीन वर्गातील डॉक्सिसायक्लीन हे औषध अमेरिकेत १९६७ मध्ये संमत झाले. पोटात सहज शोषले जाणारे, दिवसातून एक-दोनदाच घ्यावे लागणारे हे औषध हेली-हेलीच्या चिकित्सेत हळूहळू रुळले. फ्रान्समधील डॉक्टरांनी २०१४ मध्ये सहा रुग्णांचा अनुभव छापला: रोज शंभर मिलिग्रॅम, निदान तीन महिने, सहाही जणांना उतार पडला. सहा ही संख्या लहान आहे हे खरे. पण इतक्या विरळ रोगात हजारांची पलटण कोठून आणावयाची? येथे एक नवा विचार मात्र पुढे आला. डॉक्सिसायक्लीन जंतू मारते एवढेच नव्हे. जंतूंवर परिणाम होणार नाही इतक्या अल्प मात्रेतही ते दाह शमविते आणि ऊती पोखरणाऱ्या काही विकरांना आवर घालते. तेव्हा रुग्णाला आराम पडतो तो जंतू मेल्यामुळे, की दाह थांबल्यामुळे, की दोन्हींमुळे, हे वेगळे करून सांगणे अवघड झाले.

त्याच वेळी दुसरी एक काळजी वाढत होती. पेनिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जंतू १९५० च्या दशकातच रुग्णालयांतून फैलावले होते. आयुष्यभर टिकणाऱ्या रोगाला आयुष्यभर प्रतिजैविके देत राहणे म्हणजे जंतूंना तालीम देण्यासारखेच. म्हणून अनुभवी तज्ज्ञ पोटातील औषध चढत्या रोगापुरते देतात, एरवी वरून लावण्याच्या औषधांवर, कोरडेपणावर व सैल सुती कपड्यांवर भर देतात. खराब कातडी काढून तेथे दुसरीकडची बसविणे, लेसर किरणांनी वरचा थर जाळणे, घाम कमी करण्यासाठी बोट्युलिनम विष टोचणे असेही उपाय झाले. त्यांचा विस्तार येथे नको.

सन २००० हे वर्ष या कथेत महत्त्वाचे. त्या वर्षी दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे हेली-हेली रोगाचे जनुक शोधून काढले. ते तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. पेशीच्या आत, इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जी यांचे नाव असलेल्या एका भागात, कॅल्शियम आत ओढणारा एक सूक्ष्म पंप असतो. त्या पंपाची कृती या जनुकात लिहिलेली असते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की पंप निम्म्यावर येतो, आणि पेशींना एकमेकींशी बांधणारे बंध कच्चे राहतात. भिंतीतला चुना कमी पडतो तो असा. हा पंप चालतो ए.टी.पी.वर, म्हणजे १९२९ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी वेगळ्या केलेल्या त्याच पदार्थावर. दारिए यांच्या रोगाचे जनुक आधल्याच वर्षी, १९९९ मध्ये, बाराव्या गुणसूत्रावर सापडले होते. तोही कॅल्शियमचाच पंप, परंतु पेशीच्या दुसऱ्या दालनातला. साठ वर्षांच्या तंट्यात, अशा रीतीने, दोन्ही पक्षांच्या पदरात थोडे थोडे पडले: रोग निराळे, पण भावकीतले.

योगायोग असा की त्याच २००० साली जपानमधील आमागाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की स्टॅफिलोकॉकसच्या काही जाती जे विष सोडतात ते त्वचेच्या पेशींमधला एक बंध कात्रीसारखा कापते. त्यांचे काम लहान मुलांच्या फोडांच्या संसर्गावर होते, हेली-हेलीवर नव्हे. तरी जेथे बंध मुळातच कच्चे आहेत तेथे असा जंतू काय करू शकेल, हे त्यावरून ध्यानात येते.

यानंतर प्रतिजैविकांच्या इतिहासाला एक अनपेक्षित वळण लागले. जेंटामायसीन हे औषध शेरिंग या कंपनीत १९६३ मध्ये सापडले. जंतूंच्या प्रथिने बनविण्याच्या यंत्रात बिघाड करून ते त्यांना मारते. परंतु १९७९ मध्ये किण्वाच्या पेशींवर प्रयोग करताना असे आढळले की या वर्गातील औषधे प्रगत पेशींच्या यंत्रालाही किंचित चकवितात. जनुकातील वाक्य मध्येच तोडणारा चुकीचा पूर्णविराम पडलेला असेल, तर या औषधाच्या प्रभावाखाली पेशी तो पूर्णविराम ओलांडून पुढचे वाचते, आणि पुरे प्रथिन तयार होते. हेली-हेलीच्या कित्येक घराण्यांतील दोष नेमका याच जातीचा. हंगेरीच्या केलरमायर यांनी इतर संशोधकांच्या साहाय्याने २००६ मध्ये या रोगावर अशा औषधांचा उपयोग होऊ शकेल अशी कल्पना मांडली. दुसऱ्या एका आनुवंशिक रोगात, ज्यात जन्मापासूनच कातडी जराशा धक्क्याने सुटते, कॅलिफोर्नियातील वुडली यांनी २०१७ मध्ये पाच रुग्णांच्या त्वचेवर जेंटामायसीन वापरले, तेव्हा मुळात नसलेले प्रथिन त्या जागी तयार झालेले दिसले. येथे जंतूचा काहीही संबंध नव्हता. औषध तेच, पण त्याने दुरुस्त केले ते वंशपरंपरेने आलेले अशुद्ध लेखन.

अर्थात ही किमया सर्वांना लागू नाही. ज्या घराण्याच्या जनुकात चुकीचा पूर्णविराम नसून एखादे अक्षरच बदललेले आहे, त्याला तिचा उपयोग नाही. शिवाय जेंटामायसीन रक्तात जास्त काळ राहिले तर कानाची श्रवणशक्ती व मूत्रपिंडे यांना अपाय करते. म्हणून त्वचेवर लावण्याच्या रूपातच त्याचा विचार अधिक होतो. मलमाची नळी उघडण्यापूर्वी रोग्याच्या जनुकातील नेमकी चूक वाचावी लागते, आणि तशी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आता भारतातल्या मोठ्या शहरांतही आहेत. अॅटलांटाच्या दोघा भावांजवळ निदानासाठी सूक्ष्मदर्शक होता, आणि रोग्याच्या बापा-आजोबांविषयी विचारण्याचा चिकाटीचा स्वभाव होता.